निष्ठा कोणाची, कोणाशी?

कबड्डीचा हंगाम तोंडावर आला की कल्याण, डोंबिवली आणि ठाणे परिसरातील मंडळांत एक चर्चा हटकून सुरू होते : यंदा कोणता मुलगा कोणते मंडळ सोडून गेला? सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने संघ बदलला की त्याच्यावर कृतघ्नतेचा शिक्का बसतो. हा आरोप कितपत न्याय्य आहे, हे भावना बाजूला ठेवून तपासणे अगत्याचे आहे.

मंडळांची बाजू निराधार नाही. दिवसभराची नोकरी करून परतलेला जुना खेळाडू मानधनाची अपेक्षा न ठेवता मुलांना चढाई-पकडीचे धडे देतो. मैदानाचा आणि प्रवासाचा खर्च वर्गणीतून भागवला जातो. शिवाय हा सात जणांचा खेळ आहे. भरवशाचा चढाईपटू ऐन हंगामात निघून गेला, तर उरलेल्या सहा जणांच्या वर्षभराच्या मेहनतीवर पाणी पडते.

परंतु मुलाची बाजूही तितकीच खरी आहे. सामान्य घरातील मुलाला कबड्डी हा केवळ छंद परवडत नाही. रेल्वे, पोलीस, बँका यांच्या संघांत स्थान मिळाले तर घरात कायमचा पगार येतो. 2014 साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि या आशेला नवे परिमाण लाभले. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये यू मुंबाकडून खेळला. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख रुपये मोजले. लिलावातील संघबदल हा व्यवसाय ठरावा आणि एका पेठेतून दुसऱ्या पेठेत गेलेला मुलगा मात्र द्रोही ठरावा, ही विसंगती नव्हे काय?

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 साली दाखवून दिले, की असंतुष्ट सभासदापुढे दोन मार्ग असतात : संस्था सोडणे किंवा संस्थेत राहून आवाज उठवणे. निष्ठा माणसाला काही काळ थांबवते आणि आवाज उठवण्यास अवसर देते. तात्पर्य असे, की जेथे मुलाचे म्हणणे ऐकूनच घेतले जात नाही, त्याला वर्षानुवर्षे राखीव बाकावर बसवले जाते, तेथे निष्ठेची मागणी ही वस्तुतः आज्ञाधारकपणाची मागणी असते.

तेव्हा उपदेशापेक्षा व्यवस्था हवी. जागतिक फुटबॉलच्या नियमांनुसार, करार संपण्यापूर्वी खेळाडू मोबदल्यावर दुसऱ्या संघात गेला, तर त्या रकमेचा 5 टक्के वाटा त्याला वयाच्या 12 ते 23 या वर्षांत घडवणाऱ्या संघांना मिळतो. कबड्डीच्या लिलावातील रकमेचा असाच अल्प अंश मूळ मंडळाकडे वळवला, तर खेळाडूचे जाणे मंडळाला निव्वळ तोटा वाटणार नाही आणि पुढच्या पिढीसाठी चार पैसे गाठीशी राहतील.

मात्र प्रत्येक मुलगा लिलावापर्यंत पोहोचत नाही. बहुसंख्यांच्या बाबतीत साधा संकेतच उपयोगी पडेल. दिलेला शब्द पाळून हंगाम पुरा करणे हे खेळाडूचे कर्तव्य. हंगाम संपल्यावर दाखल्यासाठी त्याची अडवणूक न करणे हे मंडळाचे. निष्ठा एकतर्फी असेल तर तिला वेठ म्हणतात, आणि वेठीवर संघ फार काळ उभा राहत नाही.