आगोट, पण बर्फाची
लेह-द्रासकडची हिवाळ्याची बेगमी म्हणजे कोकणातली आगोटच. फक्त धास्ती पावसाची नसते, सगळं गोठण्याची असते. बटाटे, गाजरं, मुळे खड्ड्यात पुरून ठेवायचे, पालेभाज्या वाळवायच्या, खोली उबदार ठेवणाऱ्या बुखारीसाठी लाकूड आणि शेणी रचायच्या. बुखारीचं धुरांडं आधी साफ करायचं, कारण बंद खोलीत साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. गाडीचं दुखणं वेगळंच. साध्या डिझेलमधलं मेण थंडीत घट्ट होतं, फिल्टर तुंबतो आणि इंजिन ढिम्म राहतं. मग डिझेलमध्ये रॉकेल मिसळा, टाकीखाली स्टोव्ह पेटवा, असले जिवावरचे उपाय चालत. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास डिझेल लडाखमध्ये आणलं, पानिपतच्या रिफायनरीतून. बॅटरीचा जोरही कडाक्याच्या थंडीत निम्म्यावर येतो. पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन तिकडे निघालेल्या हौशी मंडळींनी रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नाही ना, हे घरीच तपासावं; पाणी गोठून फुगलं की इंजिनचा ब्लॉकसुद्धा तडकतो. आणि रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नये, तो तसाच गोठून बसतो. गाडी गिअरमध्ये टाकावी आणि चाकाला दगड लावावा.