विजेची काटकसर कोणाच्या वाट्याची?

विजेचे बिल घरात आले की काटकसरीची आज्ञा सुटते, आणि ती बहुधा प्रथम आम्हां मुलांच्या अभ्यासाच्या दिव्यावर येऊन पडते. त्याच वेळी न्हाणीघरात गिझर तापत असतो आणि विहिरीवरच्या पंपाचे पाणी टाकी भरून माडाच्या आळ्यात वाहत असते. काटकसरीस आमचा विरोध नाही. तिच्या हिशेबास आहे.

हा हिशेब शाळेत शिकविलेलाच आहे. १,००० वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज तीन तास लावून आम्ही महिनाभर अभ्यास केला, तरी एक युनिट पुरते खर्च होत नाही. २,००० वॅटचा गिझर अर्धा तास तापला की एक युनिट संपले! म्हणजे घरातील एका सकाळच्या स्नानांस आमच्या महिन्याच्या अभ्यासाहून अधिक वीज लागते. छताचा जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो. नव्या धर्तीचा पंखा तीसेक वॅटमध्ये जवळजवळ तेवढाच वारा देतो. रोज आठ तासांच्या वापरात महिन्याला दहा युनिटे वाचतात. नवा पंखा महाग पडतो, हे खरे; परंतु गिझरचे बटण वेळेवर बंद करण्यास किंवा टाकी भरेतो पंपाकडे लक्ष ठेवण्यास काय खर्च येतो?

पेडणे-डिचोलीच्या बहुतेक खेड्यांत १९६१ पूर्वी वीज नव्हती. चिमणीच्या उजेडात शिकलेल्या पिढीचा दाखला आम्हांस वारंवार ऐकविला जातो. तो आदराने ऐकावा असाच आहे. परंतु त्या काळी न्हाणीतील तांब्याच्या भाणाखाली काटक्या नि करवंट्या जळत, पाणी रहाटाने शेंदले जाई आणि शीतकपाट कोणी पाहिलेही नव्हते. दाखला द्यावयाचा तर सबंध घराचा द्यावा, एकट्या दिव्याचा नव्हे.

"आम्ही पैसे भरतो, मग वाटेल तेवढी वापरू," असेही काही घरांत म्हटले जाते. ते आम्हांस पटत नाही. गोव्याच्या विजेचा मोठा वाटा छत्तीसगडातील कोरबा, मध्य प्रदेशातील विंध्याचल अशा कोळशावर चालणाऱ्या केंद्रांतून येतो. तेथे एका युनिटामागे अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो, आणि तो कोणाच्या तरी गावची जमीन खणूनच काढावा लागतो. जमीन खणली म्हणजे गावाचे काय होते, हे लोखंडाच्या खाणी पाहिलेल्या डिचोलीकरांस निराळे सांगावयास नको.

आमची सूचना साधी आहे. घरातील एका मुलाने दर रविवारी मीटरचा आकडा दिनदर्शिकेवर लिहावा व सर्वांस वाचून दाखवावा. आकडा फुगला तर कारण शोधावे: पाहुणे आले होते, की शीतकपाटाच्या दाराचे रबर सैल झाले? चवथीला रोषणाईपायी तो वाढेल. वाढू द्यावा, वर्षाचा सण आहे. स्वयंपाकघरात मात्र पुष्कळ घरांतून सर्वांत मंद दिवा असतो, आणि पहाटे सर्वांआधी उठून आई त्याच उजेडात विळीवर बसते. तेथे ९ वॅटचा आणखी एक दिवा लावावा. रोज तीन तास जळला तरी महिन्याला त्याचेही युनिट पुरते भरणार नाही.