डॉक्टरांच्या हातातील मोबाईल

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यात मानोरा, रिसोड, मालेगावच्या खेड्यांतील रुग्णाला तज्ज्ञ डॉक्टर सहज गाठता येत नसल्यामुळे स्मार्टफोन हे आता उपचाराचेच साधन ठरत आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-संजीवनी’ या सरकारी दूरवैद्यक सेवेत, म्हणजे पडद्यावरून वैद्यकीय सल्ला देण्याच्या व्यवस्थेत, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून डॉक्टरांशी जोडून देतात.

या सरकारी सेवेपेक्षा अधिक काळजी वाटते ती डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवल्या जाणाऱ्या ईसीजीची, अर्थात हृदयाच्या विद्युत आलेखाची; कारण त्या कागदावर उभा एक मिलिमीटर म्हणजे ०.१ मिलिव्होल्ट असतो, आणि हृदयविकाराच्या झटक्याचे निदान अशा एक-दोन मिलिमीटरच्या उंचीवर अवलंबून राहत असल्याने तिरका वा अंधूक फोटो घातक दिशाभूल करू शकतो.

२५ मार्च २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी अशा दूरस्थ सल्ल्याला मान्यता देताना रुग्णाची संमती, सल्ल्याची नोंद आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आवश्यक ठरवला. तरीही रुग्णाच्या नावासह अहवाल गटागटांत फिरत असेल, तर ते सर्वस्वी अयोग्य होय. डॉक्टरांनी अहवालाचा फोटो पाठवण्यापूर्वी रुग्णाचे नाव झाकावे आणि रुग्णपत्रिकेत नोंद होताच तो फोटो फोनमधून काढून टाकावा, ही आग्रहाची विनंती.