चढणीचे मासे, डोहातली पावडर आणि आपला ‘जलप्रदूषणा’चा पाठ



परिसर अभ्यासाच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असतो. ‘पाणी प्रदूषित होण्याची कारणे लिहा.’ उत्तरही ठरलेलंच. कारखान्यांचे सांडपाणी नदीत सोडणे, जनावरे धुणे, कपडे धुणे, निर्माल्य टाकणे. मुलं चार मुद्दे लिहितात, आपण चार गुण देतो आणि पाठ संपतो. मीसुद्धा बरीच वर्षं असंच शिकवत आले. ते कुठे कमी पडतं हे मला चौथीच्या एका मुलाने दाखवलं.

आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यात, वहाळाच्या काठावर आहे. पाठ चालू असताना हा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, आमच्या डोहात मे महिन्यात पावडर टाकतात. मग मासे आपोआप वर येतात. ते प्रदूषण की मासेमारी?”

पावडर म्हणजे ब्लीचिंग पावडर. कोकणात राहणाऱ्यांना हे नवीन नाही. मी लगेच पुस्तकी उत्तर दिलं, “ते चुकीचं आहे. असं करणाऱ्यांना थांबवायला हवं.” मुलगा घरी गेला आणि त्याने चुलत्यांना तसंच सुनावलं. दुसऱ्या दिवशी चुलते शाळेत हजर. म्हणाले, “बाई, पोराने घरी येऊन आम्हाला चोर ठरवलंन. आम्ही वर्षातून एकदा टाकतो. तिकडे खाडीत कंपन्यांचं पाणी रोज जातंय, त्यांना कोण विचारतं? तुमच्या पुस्तकात आमचंच नाव आहे काय?”

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी “पाहते” असं काहीतरी म्हटलं आणि ते निघून गेले. पण त्यांचा प्रश्न काही गेला नाही. आजचा लेख त्यावरच आहे.

माझं म्हणणं थोडक्यात

आपण मुलांना पाणी घाण कसं होतं ते शिकवतो, पण पाण्यात कोण राहतं ते शिकवत नाही. त्यामुळे मुलाच्या डोक्यात ‘पाणी स्वच्छ दिसतं म्हणजे सगळं ठीक’ एवढंच बसतं. पावडर टाकलेला डोह दोन दिवसांनी अगदी नितळ दिसतो, तळातले दगड मोजता येतात. पण त्यात जिवंत काही उरलेलं नसतं. उलट शेवाळलेला, पाला कुजलेला, गढूळ वाटणारा डोह कितीतरी जिवांचं घर असतो. म्हणून आधी पाण्यातल्या बिऱ्हाडाची ओळख करून द्यावी आणि मग माणसाच्या करणीकडे यावं, असं मला वाटतं. क्रम एवढा बदलला तरी पाठ बदलतो.

नदी आणि समुद्र हे एकच घर

पाठ्यपुस्तकात गोडं पाणी आणि खारं पाणी हे दोन वेगळे मुद्दे असतात. माशांना मात्र हे माहीत नाही!

मृगाचे पहिले मोठे पाऊस झाले की वहाळाला पाणी येतं आणि मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढू लागतात. हेच आपले चढणीचे मासे, काही भागात यांना वलगणीचे मासे म्हणतात. मळये, शिंगटी, मरळ अशी कितीतरी नावं घराघरात माहीत असतात. हे मासे उथळ, नव्या पाण्यात अंडी घालायला निघालेले असतात. म्हणजे आपण कंदील, पागर घेऊन रात्री ज्यांच्या मागे धावतो त्यातल्या बऱ्याच माद्या पोटात गाभोळी घेऊन चाललेल्या असतात.

आता समुद्राकडे बघा. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. कारण तेच, हा बऱ्याच माशांच्या प्रजननाचा काळ. खाडीमुखावरचा कोळी दोन महिने होडी शाकारून ठेवतो आणि नारळी पौर्णिमेची वाट बघतो. त्याच दोन महिन्यांत आपण वरच्या अंगाला चढणीच्या माशांची पोती भरतो. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलं गप्प झाली. एक मुलगी हळूच म्हणाली, “म्हणजे सुट्टी फक्त खालच्यांनाच?” मला यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं.

आणखी दोन उदाहरणं मुलांना फार आवडतात. गोड्या पाण्यातली मोठ्या नांग्यांची कोळंबी नदीत वाढते, पण तिच्या पिल्लांना जगायला मचूळ पाणी लागतं. म्हणून मादी अंडी घेऊन खाडीकडे उतरते आणि पिल्लं थोडी मोठी झाली की पुन्हा नदी चढतात. अहिर मासा याहून लांबचा प्रवासी. तो वाढतो नदीत, पण अंडी घालायला थेट समुद्रात जातो. मध्ये उंच बंधारा आला की दोघांचीही वाट अडते. तिथे पाण्यात विष नाही, घाण नाही, तरीही वरच्या अंगाची कोळंबी संपते. म्हणजे ‘माणसाचा परिणाम’ म्हणजे फक्त प्रदूषण नव्हे, हे मुलांना इथे कळतं.

पाण्याची वाट बदलणं म्हणजे काय, याचं मोठं उदाहरण आमच्या जिल्ह्यातच आहे. सातारा जिल्ह्यातली कोयना कृष्णेला मिळते आणि ते पाणी बंगालच्या उपसागराला जातं. पण धरणातलं बरंचसं पाणी सह्याद्रीतल्या बोगद्यांतून इकडे पोफळी-अलोऱ्याकडे उतरतं, वीज तयार करतं, वाशिष्ठीत येतं आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. पूर्वेच्या समुद्राचं पाणी आपण पश्चिमेच्या समुद्रात सोडलं! त्यातून राज्याला वीज मिळाली, चिपळूणच्या नदीला उन्हाळ्यातही पाणी राहिलं. हे चांगलं की वाईट, असा एका शब्दाचा निकाल मी मुलांकडून मागत नाही. एवढंच सांगते, की नदीत गोडं पाणी किती आणि कधी येतं यावर खाडीचा खारटपणा ठरतो, आणि खारटपणावर तिथे कोण राहणार ते ठरतं.

नदी आणि समुद्र यांच्यामधलं पाळणाघर म्हणजे कांदळवन. तिवरांच्या मुळांत कोळंबी, खेकडे, बोय, तांबोशी, जिताडा यांची पिल्लं लहानाची मोठी होतात. कांदळवनावर भराव टाकला की पाळणाघर बंद पडतं आणि त्याचा हिशेब काही वर्षांनी जाळ्यात दिसतो. सिल्व्हर पापलेट २०२३ मध्ये आपला राज्यमासा झाला, हे सामान्यज्ञानाच्या प्रश्नासाठी मुलं पाठ करतात. पण बारीक आसाच्या जाळ्यात त्याचीच छोटी पिल्लं येतात आणि बाजारात ढिगाने विकली जातात, हेही त्याच दिवशी सांगायला हवं.

विष न टाकताही मासे मरतात

मुलांना पटकन न समजणारी गोष्ट म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन. मी आकड्यांनी सांगते. एक लिटर हवेत जेवढा ऑक्सिजन असतो, त्याच्या साधारण तिसावा हिस्सा एक लिटर पाण्यात विरघळलेला असतो. चांगल्या वाहत्या नदीत लिटरमागे ७-८ मिलिग्रॅम. तो ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बऱ्याच माशांना त्रास सुरू होतो.

आता नदीत शहराचं मैलापाणी आलं, सडका कचरा आला, निर्माल्य आलं. ते कुजवणारे सूक्ष्मजीव हाच ऑक्सिजन वापरतात. खतं आणि साबणाचं पाणी आलं की शेवाळ आणि जलपर्णी माजते. शेवाळ रात्री ऑक्सिजन घेतं, मेल्यावर कुजताना आणखी संपवतं. म्हणून मासे पहाटे तोंड वर काढून श्वास घेताना दिसतात. आपण म्हणतो, ‘मासे खेळतायत.’ ते गुदमरत असतात.

ब्लीचिंग पावडरचं काम वेगळं. त्यातला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. खायचे चार मोठे मासे मिळतात, पण बोटाएवढी पिल्लं, अंडी, खेकडे, दगडाखालचे किडे सगळं मरतं. पुढच्या वर्षी त्या डोहात वाढणार काय? पाण्यात विष टाकून मासे मारणं आपल्याकडे १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. पण कायद्यापेक्षा ‘पुढच्या वर्षी काय?’ हा प्रश्न गावात जास्त पटतो, असा माझा अनुभव आहे.

मग चुलत्यांच्या प्रश्नाचं काय?

त्यांचं अर्धं म्हणणं खरं होतं, हे मला मान्य करावं लागलं. घरातलं साबणाचं पाणी आणि प्रक्रिया न करता सोडलेलं रसायनांचं पाणी यांना पुस्तकात एकाच ओळीत बसवणं अन्याय आहे. वहाळावर चार कपडे धुणारी बाई आणि हजारो घरांचं मैलापाणी तसंच नदीत सोडणारं शहर, यांना सारखे गुण कसे देता येतील? १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. सांडपाणी प्रक्रिया करूनच सोडायचं हा नियम आहे. तो पाळला जातो का, हे विचारायचा हक्क गावाला आहे, हे मुलांना चौथीतच कळलं तर काय बिघडलं?

पण दुसरं अर्धं त्यांचं चुकलं होतं. ‘ते करतात म्हणून आम्हीही’ हे उत्तर डोहातल्या माशांच्या उपयोगाचं नाही. शिवाय आपल्याच लोकांनी मासे राखलेही आहेत. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले मासे देवीचे मानतात, त्यांना कोणी मारत नाही. म्हणून इतर ठिकाणी दुर्मीळ झालेला महसीर तिथे आजही हाताएवढा, पायाएवढा दिसतो. एक कोंड राखायची हे शहाणपण आपल्या गावांकडे होतंच, बाहेरून आणायला नको.

आणि माझीही चूक होती. मी मुलाला घरच्यांविरुद्ध उभं केलं. नऊ वर्षांचं मूल हे काही गावचं पोलीस नव्हे. तेव्हापासून मी वर्गात ‘तुमच्याकडे कोण असं करतं?’ हा प्रश्न विचारत नाही. तुम्हीही विचारू नका, ही विनंती.

मी आता काय करते

फार काही नाही, तीन गोष्टी.

१. आजी-आजोबांची यादी. ‘तुम्ही लहान असताना वहाळात कोणते मासे होते? आता कोणते दिसतात?’ एवढंच मुलांनी विचारून लिहायचं. दोन रकाने भरले की सांगायला माझी गरज उरत नाही. गेल्या वेळी एका आजीने अकरा नावं सांगितली. दुसऱ्या रकान्यात चार होती.

२. दगड उलटून बघणे. पावसाळा संपल्यावर, पाणी घोट्याएवढं असताना, पालकांना सोबत घेऊनच. दगड उचलायचा, खाली कोण आहे ते पाहायचं आणि दगड होता तसा ठेवायचा. शेपटीला तीन केस असलेली मेफ्लायची पिल्लं भरपूर दिसली तर पाण्यात ऑक्सिजन चांगला आहे. गाळात नुसत्या लाल अळ्याच दिसल्या तर काहीतरी बिघडलंय. याला ना उपकरण लागतं, ना निधी.

३. पाण्याचा नकाशा. आपल्या मोरीतलं पाणी कुठे जातं? तिथून कुठे? समुद्र येईपर्यंत काढत जायचं. मुलं वाटेतली गावं लिहितात, बंधारे काढतात, शेवटी होडी काढतात. खालच्या गावात मामा राहतो हे एखाद्याच्या लक्षात येतं, आणि मग वहाळात पिशवी टाकताना हात थोडा थांबतो.

‘अभ्यासक्रम कधी पूर्ण करायचा?’ असं कोणी विचारेल. मोजून बघा, चार-पाच तासिका जातात. अन्नसाखळी, सजीवांचे अधिवास, नकाशावाचन, मुलाखत घेणे आणि परिच्छेदलेखन एवढं सगळं त्यात होतं. घोषवाक्यांच्या फेरीतही अर्धा दिवस जातोच की.

पालकांना शेवटचं सांगते. चढणीला जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. पहिल्या पावसातली ती रात्र मुलांना आयुष्यभर आठवते. मुलांना जरूर न्या, माशांची नावं सांगा, कोणता कसा ओळखायचा ते दाखवा. फक्त घरच्या कालवणापुरते घ्या, पोट फुगलेली मादी दिसली तर पाण्यात सोडा आणि मुलाच्या हातून सोडा. आणि डोहात पावडर नको.

त्या मुलाचे चुलते नंतर भेटले. त्यांच्या आईनेच ती अकरा नावं सांगितली होती. ते म्हणाले, “बाई, त्यातले तीन मासे मीपण बघितले नाहीत.” यंदा डोहात पावडर पडली की नाही हे मी त्यांना विचारलं नाही. पाऊस संपला की मुलांना घेऊन दगड उलटायला जाईन, तेव्हा कळेलच.

तुमच्या गावच्या वहाळात, ओढ्यात, तळ्यात पूर्वी कोण राहत होतं? मुलांकडून यादी करून घ्या.