रानातला गुन्हेगार

रहस्यकथा म्हटली की डोळ्यांपुढे येते ती बंद खोली, फोडलेली तिजोरी आणि रात्रीच्या अंधारातला गुप्तहेर. बाबूराव अर्नाळकरांनी आपल्या आई-आजींच्या पिढीला अशा कथांची चटकच लावली होती. पुढे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला आणि रहस्य घराबाहेर पडलं. कधी प्रतापगडावर, कधी गुलमर्गला. पण मैत्रिणींनो, आज ज्या मालिकेबद्दल सांगायचंय, तिच्यातलं जवळजवळ प्रत्येक रहस्य एखाद्या राष्ट्रीय उद्यानात घडतं.

लेखिका अमेरिकन, नाव नेवाडा बार. बाई स्वतः राष्ट्रीय उद्यानांत रेंजरची नोकरी केलेल्या, त्यामुळे रानाचं वर्णन ऐकीव वाटत नाही. नायिका ॲना पिजन हीही रेंजरच. चाळिशीकडे झुकलेली, विधवा, माणसांपेक्षा झाडांत रमणारी, बोलायला जराशी फटकळ. मला तर ती त्यामुळेच आवडली! पहिलं पुस्तक, 'ट्रॅक ऑफ द कॅट', १९९३ साली निघालं. टेक्सासमधल्या ग्वादालूप पर्वतातल्या उद्यानात एक रेंजरबाई मरून पडलेली सापडते. सगळे म्हणतात, प्यूमाने मारलं. प्यूमा म्हणजे तिकडचं बिबट्यासारखं जनावर. ॲनाला काही हे पटत नाही, कारण प्यूमाच्या सवयी तिला ठाऊक आहेत. पुढचं मी सांगणार नाही. नंतरच्या पुस्तकांत कधी थंडगार सरोवरातलं बेट, कधी जमिनीखालची गुहा. बाईची बदली होईल तिथे खून ठरलेलाच, हे जरा अतीच होतं. पण एकदा पुस्तक हातात घेतलं की कुकरच्या शिट्ट्या मोजायचं भान राहत नाही, एवढं खरं.

ही पुस्तकं वाचताना मला सारखं आपल्याकडचं एक खरंखुरं रहस्य आठवत होतं. त्याचीही सुरुवात राष्ट्रीय उद्यानातच झाली. राजस्थानात भरतपूरला केवलादेव उद्यान आहे. तिथे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांना १९९०च्या दशकात दिसलं की गिधाडं माना खाली टाकून तासन्‌तास बसून राहतात आणि मग मरून पडतात. घरटी ओस पडू लागली. संशय पुष्कळांवर गेला. कुणी म्हणालं साथीचा रोग, कुणी म्हणालं कीटकनाशकं. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं देशात शंभरातली नव्व्याण्णवहून अधिक नाहीशी झाली.

गुन्हेगार सापडला तो २००४ साली, पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या तपासणीत. त्याचं नाव डायक्लोफेनॅक. गाईगुरांना सूज-दुखण्यावर टोचतात ते औषध! औषध दिलेलं जनावर दगावलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. म्हणजे गुन्हेगार रानात नव्हताच, तो गोठ्यातून गेला होता. आणि टोचणाऱ्याच्या मनात तर मायाच होती. असा शेवट कुठल्या कादंबरीत सुचला असता, सांगा!

हे दूरचं वाटत असेल, तर आपल्याच किनाऱ्याकडे बघा. मुरूडजवळचं फणसाड म्हणजे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य. तिथे आणि म्हसळ्याजवळच्या चिरगावला गिधाडं टिकावीत म्हणून खटपट चालू आहे. चिरगावच्या गावकऱ्यांनी ती आपली मानून जपली आहेत. आपल्याकडे गिधाडं माडावरही घरटं करतात. २०२०च्या जूनमधल्या निसर्ग वादळात उंच झाडं किती पडली ते आपण पाहिलंच आहे. म्हणून जी उरली आहेत त्यांचं मोल जास्त.

डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे. तरी माणसांसाठीच्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात, म्हणून २०१५ मध्ये मोठ्या बाटल्याही बंद झाल्या. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफेनॅक ही दोन औषधंही जनावरांना देण्यावर बंदी आली. ज्यांच्या दारात गाय-म्हैस आहे त्यांनी इंजेक्शनच्या वेळी डॉक्टरांना औषधाचं नाव जरूर विचारावं. मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही, ते चालेल का म्हणून विचारावं. आणि दुसरं काही टोचलेलं जनावर दगावलंच, तर ते माळावर न टाकता पुरून टाकावं.