पानाखालची टीप

गेल्या महिन्यात चार दिवस माहेरी, माकणीस, जाऊन आले. धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यातले हे गाव वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असण्याचे कारण नाही. तेरणा नदीवरच्या धरणामुळे, नाहीतर १९९३ सालच्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांवर जो भूकंप कोसळला त्याच्या बातम्यांत, कोणी नाव ऐकले असेल तेवढेच. आमचा दगडमातीचा जुना वाडा त्याच पहाटे पडला. ढिगाऱ्यातून जे थोडेफार शाबूत निघाले त्यात काकांचे कायद्याच्या पुस्तकांचे कपाट होते. काका उमरग्यास पुष्कळ वर्षे वकिली करून आता घरी असतात. घरात कसलाही वाद निघाला की त्या कपाटाकडे बोट दाखवावयाचे, अशी आमच्याकडे रीतच पडून गेली आहे. ह्या खेपेस मात्र त्या कपाटानेच आम्हां सर्वांस एक रात्रभर घोर लावला, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

माझा भाचा पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे. मुलगा हुशार, पण जिभेला धार जरा अधिक. त्या बाजूच्या एका प्रतिष्ठित गृहस्थांनी काही महिन्यांपूर्वी नेत्रतपासणीचे शिबिर भरविले होते आणि भाचा तेथे स्वयंसेवक म्हणून नोंदवही लिहावयास बसला होता. गरजूंस चष्मे मिळावयाचे होते, ते काही आले नाहीत. पुढे त्याच गृहस्थांचा मोठा सत्कार झाला. त्या दिवशी आमच्या चिरंजीवांनी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, म्हणजे सुमारे तीनशे माणसांसमोर, लिहिले की, हार किती आले ते मोजून झाले असेल तर आता चष्मे किती आले तेही कोणीतरी मोजावे. खाली पुरावा म्हणून नोंदवहीच्या एका पानाचे छायाचित्र जोडून दिले.

तिन्हीसांजेस दोघेजण घरी आले. ओसरीवर बसले, चहा घेतला, आवाज काही चढविला नाही. त्यांपैकी एकाने मोबाईलवर एक छापील पान काढून काकांपुढे धरले. माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम ६६ अ. अतिशय आक्षेपार्ह किंवा त्रासदायक मजकूर पाठविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद. "आम्हांला काही करावयाचे नाही," ते म्हणाले, "पण मुलाच्या नोकरीचे दिवस आहेत, पोलिसांचा शेरा पडला म्हणजे जन्माचे नुकसान. उद्या सकाळी येऊन चार माणसांत पाय धरले म्हणजे झाले."

ते गेल्यावर काकांनी चष्मा पुसला, कपाट उघडले आणि त्याच कायद्याचे आपले पुस्तक काढले. कलम होते. शब्दन् शब्द होते. "तीन वर्षे खरीच आहेत," एवढेच ते म्हणाले आणि पुस्तक मांडीवर ठेवून बसून राहिले. वहिनीने पाने वाढली खरी, पण कोणाचा घास खाली उतरेना. एरवी फडाफडा बोलणारा तो मुलगा माझ्याजवळ येऊन हलकेच म्हणाला, "आत्या, मी खोटे काय लिहिले?" मजजवळ उत्तर नव्हते. सकाळी त्याने जावे असे रात्री ठरले.

मला तेवढ्यात एका गृहस्थांची आठवण झाली. न्यायालयाच्या ग्रंथालयात सारी नोकरी करून ते निवृत्त झाले आहेत. अवेळ होती तरी फोन केला आणि सारे सांगितले. त्यांनी न कलमाचे विचारले, न मुलाचे. पहिला प्रश्न केला तो हा : "पुस्तक कोणत्या साली छापलेले आहे?"

काकांनी पहिले पान उलटून पाहिले. २०११.

"आणि त्या गृहस्थांनी दाखविलेले पान तळापर्यंत दिसत होते काय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. छायाचित्र मधूनच कापलेले होते.

"मग पानाखालची टीप राहिली," ते म्हणाले. "सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम समूळ रद्दबातल ठरविले आहे."

वाचकांस हे सर्व ठाऊक असेलच असे नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. कारण ह्या कलमाचा इतिहास आपल्याच महाराष्ट्रातून जातो. २००८ च्या दुरुस्तीने ते कायद्यात घातले गेले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्यांस पसंती दर्शविली. एवढ्यावर दोघींनाही अटक झाली. पहिलीच्या चुलत्याच्या दवाखान्याची मोडतोड झाली ती निराळीच. हे वाचून श्रेया सिंघल नावाच्या दिल्लीच्या एका मुलीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. एकविशीच्या आसपास तिचे वय, आणि कायद्याचे शिक्षण अजून व्हावयाचे होते. तिच्याच नावाने हा निकाल आज ओळखला जातो. 'त्रासदायक' म्हणजे काय ह्याला काही मापच नाही, आणि अशा शब्दांवर कोणास तुरुंगात घालणे राज्यघटनेत बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

येथे गोष्ट संपावयास हवी होती, पण संपली नाही. रद्द झालेल्या कलमाखाली ठिकठिकाणी गुन्हे नोंदविले जातच राहिले. निकालाच्या प्रती सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांस व पोलीसप्रमुखांस पोहोचवाव्यात असा हुकूम २०१९ मध्ये सुटला. तरीही २०२१ मध्ये न्यायालयापुढे आकडे आले ते असे, की अकरा राज्यांतील जिल्हा न्यायालयांत असे ७४५ खटले चालू आहेत. आणि निकालानंतर नोंदलेल्या गुन्ह्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला. न्यायमूर्तींनी हे धक्कादायक असल्याचे म्हटले. त्यावर सरकारचे महान्यायवादी वेणुगोपाल ह्यांनी दिलेला खुलासा आमच्या ओसरीवरच्या प्रसंगास तंतोतंत लागू पडतो. कायद्याच्या पुस्तकात कलम जसेच्या तसे छापलेले असते, ते रद्द झाल्याची नोंद खाली टिपेत असते; गुन्हा नोंदविणारा अधिकारी टीप पाहत नाही. ह्या कलमाखाली कोणावरही खटला चालविता येणार नाही, असे २०२२ च्या ऑक्टोबरात न्यायालयास पुन्हा बजावून सांगावे लागले.

ग्रंथपाल म्हणजे पुस्तके देणारा-घेणारा मनुष्य, अशीच माझी समजूत होती. त्या रात्री कळले की कायद्याच्या ग्रंथालयात खरे काम पुस्तक आल्यानंतर सुरू होते. दुरुस्ती झाली की तिची चिठ्ठी त्या त्या पानावर चिकटवावयाची, कलम रद्द झाले की समासात तारीख घालावयाची, एखादा निकाल पुढच्या मोठ्या पीठाने फिरविला की जुन्या खंडात तसा शेरा मारावयाचा. हे चुकले तर वकील भर न्यायालयात तोंडघशी पडतो, आणि पक्षकार त्याहून वाईट ठिकाणी. काकांस हे नवे नव्हते. आमचे आजोबा निजामाच्या अमदानीत वकिली करीत, त्यांची पुस्तके उर्दूत होती; १९५१ साली भारतीय दंडविधान ह्या मुलखास लागू झाले आणि सारे कपाट एका वर्षात निरुपयोगी झाले, हे काकांनीच आम्हांस लहानपणी सांगितलेले. १ जुलै २०२४ पासून ते दंडविधानही गेले आणि भारतीय न्याय संहिता आली. फसविणाऱ्यास 'चारशेवीस' म्हणण्याची आपली सवय काही जाणार नाही, पण फसवणुकीचे कलम आता ३१८ आहे. ३०२ म्हटले की आपण दचकतो. नव्या संहितेत त्या आकड्याखाली धार्मिक भावना दुखविण्याचा गुन्हा आहे, खुनाची शिक्षा १०३ मध्ये गेली. असे असता वकिली सोडल्यावर काकांनी पुस्तकांवर चिठ्ठ्या चिकटविण्याचे सोडून दिले होते, हे त्यांस त्या रात्री फार लागले.

घरात जरा जीव आला. वहिनी ताक घेऊन आली. मी आभार मानून फोन ठेवणार, तोच ते म्हणाले, "त्या मजकुराबरोबर जोडलेल्या पानावर काय होते?"

भाच्याने पान दाखविले. बावीस बायकांची नावे, वये, मोबाईलचे क्रमांक, आणि शेवटच्या रकान्यात आजार. सर्व त्याच्याच वळणदार अक्षरात.

पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी सांगितले ते साध्या शब्दांत असे. एखाद्याची खाजगी बाब खाजगी राहणे हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत अधिकार आहे, असे नऊ न्यायमूर्तींनी एकमताने २४ ऑगस्ट २०१७ रोजी ठरविले. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी ह्यांच्या अर्जावरचा तो निकाल. १९५४ व १९६२ चे जुने निकाल उलट होते; जुना खंडच जो उघडील तो आजही चुकेल. माणसांच्या माहितीच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य कलमांस त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. कायदा संमत होणे निराळे, अंमलात येणे निराळे. ती तारीखही ग्रंथपालानेच पाहून ठेवावयाची. घरगुती कारणासाठी ठेवलेल्या माहितीस तो कायदा लागत नाही.

"तीनशे माणसांचा ग्रुप घरगुती म्हणावा काय?" काकांनी विचारले.

"ते मी सांगणार नाही," ते म्हणाले. "मी पान दाखवितो, सल्ला देत नाही. माझ्याकडे येऊन कोणी घटस्फोटाचे पुस्तक मागितले, कोणी दिवाळखोरीचे, कोणी वारसाहक्काचे. कोणी काय मागितले हे मी माझ्या घरातही कधी बोललो नाही. त्या बायका त्या मुलासमोर बसून आजार सांगत होत्या, तेव्हा तोही त्याच खुर्चीवर बसला होता."

आपल्या जुन्या घरांत कोणी ओसरीपर्यंत यावे आणि कोणी माजघरापर्यंत, हे लहान मुलासही कळत असे. त्याच घरात वाढलेल्या आमच्या मुलाने बावीस घरांची माजघरे चव्हाट्यावर मांडली होती. आणि तिन्हीसांजेपासून आम्ही सारी मोठी माणसे त्या पानाकडे पाहत असूनही ते आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते. माझ्याही नाही.

छायाचित्र त्याने तेव्हाच काढून टाकले. सकाळी तो माफी मागावयास गेला तो त्या प्रतिष्ठित गृहस्थांकडे गेला नाही. बावीस घरी गेला. पहिल्या काही घरी मीही बरोबर होते. बहुतेक बायका हसल्या. एका आजीबाईंस तर तो चष्माच घेऊन आला असे वाटले आणि तो नाही म्हणून त्या रागावल्या. एका घरी मात्र मुलगी लग्नाची आहे. नावापुढे रातांधळेपणा लिहिलेला होता. स्थळ पाहून गेले होते, बोलणी पुढच्या आठवड्यात व्हावयाची होती. तिच्या आईने आम्हांस बसावयास पाट दिला, पाणी दिले, सारे ऐकून घेतले आणि विचारले, "तुम्ही काढले ते बरे केले, पण ज्यांनी पाहिले त्यांच्याकडचे कसे काढणार?"

भाचा खाली मान घालून उभा राहिला. मुलगी आतल्या दाराशी होती, ती बाहेर आली नाही. त्या स्थळाकडून पुढे काय उत्तर आले ते मी निघेपर्यंत कळले नव्हते.

निघण्याच्या दिवशी काका सकाळपासून कपाटापुढे बसले होते. शेजारी डिंकाची बाटली, कात्री आणि कागदाच्या पट्ट्या. भाचा मोबाईलवर एकेक तारीख पाहून सांगत होता आणि ते आपल्या थरथरत्या अक्षरांत लिहून घेत होते.