जस्ट लाइक न्यू

"डीएसएलआर विथ टू लेन्स, जस्ट लाइक न्यू, सिंगल हँड यूज्ड, ओन्ली ट्वाइस यूज्ड, अर्जंट सेल, नो टाइमपास प्लीज." सोबत फोटो एकच, तोही कंपनीच्या वेबसाइटवरून उचललेला.

सेकंडहँड कॅमेऱ्यांच्या जाहिराती चाळायची सवय ज्यांना आहे, त्यांना हा मजकूर पाठ असेल. मंडळी, यात कॅमेऱ्याबद्दल एक अक्षर नाहीये. विकणाऱ्याला घाई आहे, त्याला टाइमपास खपत नाही आणि आपली वस्तू त्याला नव्यासारखी वाटते, एवढंच यातून कळतं. माझ्या आजीलाही तिचं शिवणयंत्र शेवटपर्यंत नव्यासारखंच वाटायचं. आणि तरी अशा जाहिरातीखाली दोन तासांत पंधरा जण "लास्ट प्राइस?" विचारून जातात. च्यायला, कशाची लास्ट प्राइस? काय विकायला ठेवलंय ते तरी कळलं का?

हीच माणसं मंडईत भेंडीचं टोक मोडून बघतात, माठ घेताना चार ठिकाणी वाजवून घेतात. चाळीस हजारांची लेन्स घेताना मात्र विकणाऱ्याच्या नावापुढचे तारे बघायचे, शटर काउंट विचारायचा, की झालं समाधान! माझं म्हणणं असं आहे की या दोन्ही गोष्टींवर आपण नको तेवढा विश्वास टाकतो, आणि जे खरोखर बघायला हवं (म्हणजे हा माणूस दोष सांगतोय की लपवतोय) ते सांगणाऱ्यालाच हाकलून लावतो.

आधी ते शटर काउंट घ्या. आमच्या धंद्यात एकेकाळी प्रोग्रॅमरचं काम कोडच्या ओळी मोजून ठरवायचे. आकडा मिळाला की मॅनेजर खूष. शटर काउंटचं तसंच आहे. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये तो फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो, एक्झिफटूल नावाच्या फुकट प्रोग्रॅमने वाचता येतो. (फक्त मूळ फाइल मागवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ही माहिती वाटेतच गळून जाते.) कॅननच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये मात्र तो फाइलमध्ये नसतोच, कॅमेरा कॉम्प्युटरला जोडून काढावा लागतो. तेव्हा कॅननवाला "काउंट फक्त सात हजार" म्हणाला, तर पहिला प्रश्न "कशावरून?" हा.

समजा आकडा खरा आहे. पुढे काय? निकॉन डी७५० चं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे, डी८५० चं दोन लाख, कॅनन ५डी मार्क ३ चं दीड लाख. हे आकडे कंपनीने चाचणीसाठी धरलेले. दीड लाख पूर्ण झाले म्हणून शटर त्या दिवशी मान टाकत नाही, आणि वीस हजाराला मोडणारच नाही अशी गॅरंटीही नाही. शिवाय कॅमेरा म्हणजे काही नुसतं शटर नव्हे. २०१२ साली आलेल्या निकॉन डी६०० चंच बघा. सेन्सरवर तेलाचे आणि धुळीचे ठिपके पडण्याबद्दल तो बदनाम झाला, आणि हे ठिपके अगदी नव्या, कमी वापरलेल्या कॅमेऱ्यांतही दिसत होते. शेवटी २०१४ मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्यांनासुद्धा फुकट तपासणी आणि गरज पडल्यास शटर बदलून द्यायचं कबूल केलं. म्हणजे "डी६००, काउंट फक्त तीन हजार" ही खूष व्हायची बाब नाही. तो सर्व्हिस सेंटरला जाऊन आला का, हे विचारायची बाब आहे. २००५ च्या पहिल्या कॅनन ५डी चा आरसा सुटून पडायचा, आणि २००९ मध्ये कंपनीने तो फुकट पक्का करून द्यायला सुरुवात केली. त्या कॅमेऱ्याबाबतही आरशाचं काम झालंय का हा प्रश्न काउंटच्या आधी येतो.

मिररलेसमध्ये तर या आकड्याचा पार विचका झालाय. इलेक्ट्रॉनिक शटरवर काढलेल्या फोटोंनी यांत्रिक शटर हलतसुद्धा नाही, आणि व्हिडिओचे तास या मोजणीत कुठेच नसतात. लग्नाचे तीन सीझन, दिवसाला आठ-आठ तास, मंडपातल्या उकाड्यात व्हिडिओ काढून दमलेला कॅमेरा "शटर काउंट ओन्ली ८के" म्हणून विकायला येतो. खोटं काहीच बोललेलं नसतं! तेव्हा हॉट शूची पट्टी किती घासली आहे ते बघा, एचडीएमआयचं भोक सैल झालंय का, ग्रिपचं रबर सुटलंय का, ट्रायपॉडच्या स्क्रूभोवतीचा रंग उडालाय का ते बघा. कॅमेऱ्याचं आयुष्य तिथे लिहिलेलं असतं.

आता तारे. ९९ टक्के पॉझिटिव्ह फीडबॅक! पार्सल आल्यावर दोन दिवसांत, बबल रॅप फोडल्याच्या आनंदात माणूस पाच तारे देऊन मोकळा होतो. लेन्सच्या आतली बुरशी त्याला पुढच्या पावसाळ्यात दिसते, तोवर तारा बदलायची मुदत संपलेली असते. शिवाय दोनशे रुपयांची यूएसबी केबल नीट पोचली तरी पाच तारे, आणि दीड लाखाची लेन्स नीट पोचली तरी पाचच. शंभर केबली विकून कमावलेल्या अब्रूवर एक महागडी लेन्स खपवता येते. हे काही गुपित नाही. वाचायच्याच असतील तर निगेटिव्ह प्रतिक्रिया वाचा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे विकणाऱ्याने खाली दिलेलं उत्तर वाचा. "परत पाठवा, पैसे देतो" म्हणणारा आणि "तुम्हाला कॅमेरा वापरता येत नाही" म्हणणारा, दोघांचीही टक्केवारी सारखीच दिसते.

जपानमधून इबेवर विकणाऱ्यांनी तर दर्जाची एक स्वतंत्र बाराखडी बनवली आहे. टॉप मिंट, मिंट, निअर मिंट, एक्सलंट प्लस फाइव्ह! एक्सलंटच्या पुढे पाच अधिकचिन्हं लागत असतील तर नुसतं "एक्सलंट" म्हणजे भंगार, हे उघड आहे. पण एक कबूल केलं पाहिजे. यातले बरेच विक्रेते खाली बारीक अक्षरांत "ऑप्टिक्स: देअर इज स्लाइट फंगस" असं लिहितात, आणि वीस-वीस स्वच्छ फोटो देतात. मथळ्यात फुगवलेलं असलं तरी मजकुरात सत्य असतं. आपल्याकडे मथळाच मजकूर असतो.

"अनटेस्टेड" या शब्दाचा मला विशेष राग आहे. "अनटेस्टेड, बॅटरी नसल्याने तपासला नाही, अॅज इज." अरे बाबा, तू शेदोनशे कॅमेरे विकलेस, तुझ्याकडे एक बटण सेल नाही? पेंटॅक्स के१००० ला एक एलआर४४ लागतो, निकॉन एफएम२ ला दोन. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळतात. आणि गंमत म्हणजे या दोन्ही कॅमेऱ्यांना शटर उडवायला बॅटरी लागतच नाही, ती फक्त मीटरसाठी असते. तेव्हा या कॅमेऱ्यांबाबत "बॅटरी नाही म्हणून शटर तपासलं नाही" असं कोणी लिहिलं तर एकतर त्याला कॅमेरा कळत नाही, किंवा त्याने तपासलाय आणि निकाल त्याला माहीत आहे. व्यापारी असेल तर दुसरंच धरून चाला.

बुरशीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मुंबई-कोकण-गोव्याकडचा माल घेणाऱ्याला हे टाळता येत नाही. "थोडी फंगस आहे, फोटोवर काही परिणाम नाही" हे वाक्य आज खरं असू शकतं. पण बुरशी जिवंत असते, दमट हवेत वाढते, आणि तिच्या स्रावाने काचेवरचं कोटिंग खरवडलं जातं. लेन्स उघडून जाळं पुसता येतं, खरवडलेलं कोटिंग परत येत नाही. म्हणून समोरून काढलेला चमकदार फोटो शून्य कामाचा. मागचं झाकण काढून, अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून, एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने काढलेला फोटो मागा. कॅननच्या ईएफ लेन्सचं अॅपर्चर कॅमेऱ्यावरून काढल्यावर उघडंच असतं. निकॉनच्या एफ माउंटच्या जी लेन्सचं मिटलेलं असतं, ते मागची छोटी दांडी बोटाने सरकवून उघडावं लागतं. विकणाऱ्याला हे सांगा. जो दोन मिनिटांत फोटो पाठवतो तो एक, आणि जो "सर लेन्स एकदम क्लीन आहे, ट्रस्ट मी" म्हणतो तो दुसरा.

आता मुद्द्यावर येतो. या सगळ्या बनवाबनवीला आपण घेणारेच खतपाणी घालतो.

एखादा सरळ माणूस लिहितो: "८५ एमएम, सहा वर्षं वापरली. पुढच्या काचेवर कडेला एक बारीक ओरखडा आहे, फोटो क्रमांक ४ बघा. फोकस रिंग थोडी जड फिरते. बिल आहे, बॉक्स नाही. २२ हजार." याला काय मेसेज येतात? "भाऊ ओरखडा आहे, १४ ला द्या." "फोकस रिंग खराब आहे म्हणजे रिपेअरचे पाच हजार धरा." आणि शेजारी तीच लेन्स "मिंट", एकच धूसर फोटो, २४ हजार... ती संध्याकाळपर्यंत विकली जाते! पुढच्या वेळी तो सरळ माणूस काय लिहील? ओरखडा लिहिणार नाही. किंवा विकणारच नाही, कपाटात ठेवून देईल.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली सेकंडहँड गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहून नेमकं हेच मांडलं होतं. विकणाऱ्याला माल माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सरासरी भाव देतो, त्या भावात चांगला माल विकणं परवडत नाही, चांगले विक्रेते उठून जातात आणि बाजारात खटारे उरतात. २००१ मध्ये त्याला (स्पेन्स आणि स्टिग्लिट्झसोबत) नोबेल मिळालं. आपण कॅमेऱ्याच्या बाजारात त्याच्यावरही कडी केली आहे. आपल्याला माहिती मिळते तेव्हा ती देणाऱ्याचाच भाव पाडतो.

म्हणून माझं साधं मागणं आहे. जो दोष लिहितो त्याच्याशी त्याच दोषावरून घासाघीस करू नका, त्याने तो किंमतीत धरलेला असतो. आणि सगळं नीट सांगणाऱ्याची लेन्स दोन हजारांनी महाग असेल तर घ्या. ते दोन हजार तुम्ही आतली बुरशी न मिळाल्याबद्दल देताय. कंजूषपणा करायचाच असेल तर "मिंट"वाल्याकडे करा. त्याच्याकडे आजची तारीख लिहिलेल्या कागदासकट कॅमेऱ्याचा फोटो मागा, सीरियल नंबर बिलाशी जुळवा (चोरीचा माल असाच सापडतो), एफ/१६ वर काढलेला कोऱ्या आकाशाचा फोटो मागा म्हणजे सेन्सरवरची घाण दिसेल. बदली झालेला फौजी, गणवेशातला फोटो, निम्मी किंमत आणि "आधी थोडे पैसे पाठवा, पार्सल आर्मीच्या गाडीने येईल" हा प्रकार दिसला तर एवढ्या तपासणीचीही गरज नाही, खिडकी बंद करा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

यावर एक आक्षेप हमखास येतो. सगळेच विकणारे जाणकार नसतात, आजोबांचा कॅमेरा विकणाऱ्या माणसाला अॅपर्चर काय कळणार? बरोबर आहे. पण माझ्या मते असा माणूस सगळ्यात चांगला, कारण सांगाल ते तो करून दाखवतो. एक सेकंदावर शटर उडवून व्हिडिओ पाठवा म्हटलं तर नातवाला हाक मारून पाठवतो. फक्त तिथे आपली परीक्षा असते. स्टीलच्या कपाटातून निघालेला रोलाइकॉर्ड हजार रुपयांत एका आजींकडून "उडवला" म्हणून मित्रांना पार्टी देणारे लोक मी बघितले आहेत. आणि हेच लोक पुढच्या महिन्यात बुरशी लागलेली लेन्स गळ्यात पडली की जगबुडी झाल्यासारखे ओरडतात, विकणाऱ्याने माहिती लपवली म्हणून. त्यांना विचारलं की आजींना खरी किंमत का नाही सांगितली, तर म्हणतात, सांगितली असती तर कॅमेरा मिळाला नसता.

नसता मिळाला. मग?